राख आणि वाहते पाणी : सह्याद्रीतील आदिवासी अन्नपरंपरेच्या अभ्यासाची प्रस्तावना

कडूकंद हा सह्याद्रीच्या उतारांवर चढणाऱ्या एका वेलाचा कंद असून त्याच्या नावातच त्याची पहिली ओळख आहे. तो इतका कडू आणि कच्च्या स्थितीत इतका अपायकारक असतो, की जमिनीतून निघाला तसा तो कोणालाही खाता येत नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी आणि वारली समाजांतील स्त्रिया मात्र हाच कंद पिढ्यान्‌पिढ्या शिजवीत आल्या आहेत. कंद सोलून त्याचे पातळ काप करावयाचे, ते चुलीतल्या राखेसह उकळावयाचे, ते पाणी टाकून द्यावयाचे, मग काप टोपलीत भरून ती टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवावयाची आणि सकाळी एक काप जिभेला लावून, कडवटपणा उरला असेल तर पुन्हा तेच करावयाचे, अशी ही रीत आहे. पाणी वाहतेच हवे, कारण साचलेल्या पाण्यात कापांतून सुटलेला कडूपणा तेथेच घोटाळत राहतो. राखही लाकडाचीच हवी, कारण उकळताना तिच्यातले क्षार उपयोगी पडतात. वनस्पतींच्या याद्यांमध्ये या साऱ्याची नोंद बहुधा ‘कंद खाद्य’ अशा दोन शब्दांत उरकलेली असते. त्या दोन शब्दांवर विश्वासून कोणी कंद उकरला आणि तसाच शिजवला, तर तो आजारी पडेल. यादीत वनस्पती आली आहे, परंतु ज्ञान आलेले नाही.

आदिवासी अन्नपरंपरेच्या अभ्यासातली मूळ अडचण या एका उदाहरणात सामावलेली आहे. गेली सुमारे दीडशे वर्षे या विषयावर जे लिहिले गेले, ते बहुतांशी नामांचे लेखन आहे: कोणती झाडे, कोणते वेल, कोणती पाने. ज्ञान मात्र क्रियापदांमध्ये साठलेले आहे: केव्हा खुडायचे, किती ठेवायचे, कशात उकळायचे, कोणते पाणी फेकायचे, कोणाला आधी वाढायचे. शिवाय या प्रत्येक क्रियेला एक जागा लागते. कडूकंदाच्या रीतीला कंद उकरता येईल असे रान लागते, राख देणारी लाकडाची चूल लागते आणि हिवाळ्यातही वाहणारा ओढा लागतो. यांपैकी एक गोष्ट गेली, तरी ती रीत केवळ आठवण म्हणून उरते. म्हणून अन्नाचा अभ्यास येथे रानाच्या, पाण्याच्या आणि त्यांवरील हक्कांच्या अभ्यासापासून वेगळा काढता येत नाही, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रमुख म्हणणे आहे.

‘अन्नपरंपरा’ हा शब्द येथे केवळ पाककृतींपुरता वापरलेला नाही. अन्न मिळविणे, पिकविणे, निर्विष करणे, साठविणे, वाटणे आणि त्यासंबंधीचे विधिनिषेध या सर्वांचा त्यात समावेश आहे. ‘परिसरज्ञान’ म्हणजे एखाद्या समाजाला आपल्या भोवतीच्या जीवसृष्टीविषयी, ऋतूंविषयी, मातीपाण्याविषयी प्रत्यक्ष व्यवहारातून झालेले आणि व्यवहारातूनच पुढे दिले जाणारे ज्ञान. विवेचनाचा भर उत्तर सह्याद्रीवर, म्हणजे पालघर, ठाणे, रायगड, नाशिक हे जिल्हे आणि अकोले-जुन्नरचा डोंगरी पट्टा यांवर आहे. गडचिरोलीतील माडिया आणि गोंड समाजांचा उल्लेख तुलनेसाठी आवश्यक तेथेच येतो. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटांत गणल्या जातात. त्यांपैकी कातकऱ्यांना त्यांचे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून मिळालेले आहे, आणि रानाशी असलेला संबंध नावातच असणाऱ्या या समाजाकडे आज स्वतःच्या मालकीची जमीन फार थोडी आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागते.

या विषयाची लिखित परंपरा पाहू गेल्यास डॅल्झेल आणि गिब्सन यांची १८६१ ची ‘बॉम्बे फ्लोरा’ आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ हे वर्गीकरणाचे मोठे आधार ठरतात. अन्नाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम मूळचे गोव्याचे असलेले डॉ. लिस्बोआ यांचे आहे; मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील १८८६ चा उपयुक्त वनस्पतींवरील खंड त्यांनी सिद्ध केला आणि त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचा वेगळा विभाग केला. १८७६ ते १८७८ या वर्षांतील भीषण दुष्काळ तेव्हा ताजा होता, त्यामुळे या वर्गीकरणामागची निकड समजण्यासारखी आहे, आणि लिस्बोआ यांच्या परिश्रमाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु या वर्गवारीने एक दृष्टी रूढ केली. जे अन्न डोंगरातले लोक चांगल्या पावसाच्या वर्षीही आवडीने, ऋतू पाहून, देवाला दाखवून खात होते, तेच अन्न मैदानातील लोक केवळ उपासमारीत खातात म्हणून त्या साऱ्याला ‘दुष्काळी अन्न’ हे नाव मिळाले. नाव पडले की किंमत ठरते. शाळेतल्या मुलाने डब्यातून नाचणीची काळी भाकरी आणि टाकळ्याची भाजी आणणे हे त्याला स्वतःलाच लाजिरवाणे वाटू लागते, याची मुळे अशा नावांपर्यंत जाऊन पोहोचतात.

विसाव्या शतकात मानववंशशास्त्राने हे चित्र काही अंशी बदलले. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ मध्ये, सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ मध्ये आणि चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० मध्ये आला. गोविंद गारे यांनी महादेव कोळ्यांविषयी आणि एकूण आदिवासी जीवनाविषयी मराठीत विपुल लिहिले. या लेखनात अन्न हे माणसांसह, सणांसह, घरासह येते. दुसरीकडे गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वेठबिगारीखाली भरडलेल्या वारल्यांची जी भूक दिसते, ती नजरेआड करून अन्नपरंपरेचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्ञान आणि भूक या दोन्ही गोष्टी एकाच झोपडीत होत्या. कंद ओळखणारी स्त्री उपाशी राहात होती ती तिला कमी कळत होते म्हणून नव्हे, तर रान, जमीन आणि तिचा स्वतःचा वेळ या तिन्हींवर दुसऱ्याची सत्ता होती म्हणून.

या ज्ञानाचा खरा ग्रंथ म्हणजे वर्षाचे चक्र. ज्येष्ठात पहिल्या सरी पडतात न पडतात तोच झाडोऱ्याच्या सावलीत शेवळ्याचे कोंब वर येतात. पान फुटण्याआधी वर येणारा हा फुलोरा असतो आणि तोच खाल्ला जातो. सुरणाच्या कुळातील असल्यामुळे त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांमुळे घसा खवखवतो. त्यावर उपाय म्हणून काकड नावाच्या झाडाची आंबट फळे शेवळ्याबरोबर शिजवली जातात. ही दोन्ही एकाच हंगामात, एकाच रानात मिळतात आणि बाजारातही शेवळ्याच्या जुडीशेजारी काकडाचा वाटा मांडलेला असतो, म्हणजे विकणारी बाई भाजीबरोबर तिचा उतारही देत असते. त्यानंतर फोडशी किंवा कुलू म्हणून ओळखली जाणारी गवतासारखी भाजी येते, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कोरल. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा, शेंगा धरू लागल्यावर त्याची पाने राठ होतात, कुर्डूही फुलोऱ्याआधीच, भारंगीची पाने उकळून पहिले पाणी टाकायचे आणि मग ती वालाबरोबर किंवा डाळीबरोबर शिजवायची. आषाढ-श्रावणात करटोली येतात. या वेलात नर आणि मादी वेल वेगळे असतात, हे वनस्पतिशास्त्राने सांगण्याच्या कितीतरी आधी फळ न धरणाऱ्या वेलाला ‘वांझ’ म्हणून वेगळे ओळखले गेले होते. पुढे चाईच्या वेलाचा मोहोर येतो. वारुळांवर आळिंब्या उगवतात. त्या दरवर्षी त्याच वारुळावर येतात, कारण ही बुरशी वाळवीनेच वारुळात जोपासलेली असते, आणि म्हणून आळिंबी काढणारा माणूस वारूळ फोडत नाही.

पाण्यातल्या अन्नाचेही असेच आहे. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांचे पाणी भातखाचरांत शिरते, तेव्हा अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात; रायगड-ठाण्याकडे यालाच वलगण म्हणतात, अन्यत्र चढणीचे मासे. खेकडे, मुठे, शेतातले उंदीर, गडचिरोलीकडे लाल मुंग्यांची चटणी, हे सारे या अन्नाचे अविभाज्य भाग आहेत, आणि नागर वाचकाच्या संकोचापायी ते गाळणे म्हणजे विषयच अर्धा करणे होय. कातकरी शेतातील उंदीर पकडतो तेव्हा पिकाची नासाडीही थांबते आणि बिळात साठलेले धान्यही परत मिळते. या कृतीकडे किळसेने पाहणाऱ्यांनी ते धान्य मुळात कोणाच्या शेतातले होते याचा विचार केलेला नसतो.

पावसाळा संपला की कंदांचे दिवस येतात. वेलाची पाने पिवळी पडून गळतात आणि तेव्हाच कंद भरलेला असतो. त्यामुळे पान नसलेल्या, वाळलेल्या दोरीसारख्या वेलावरून खालचा कंद कोणता हे ओळखावे लागते, आणि या साऱ्या ज्ञानातील हा सर्वांत कठीण भाग आहे. कंद काढताना देठाकडचा भाग पुन्हा खड्ड्यात ठेवून माती लोटण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. पुढल्या वर्षी वेल तेथूनच फुटतो. काढणे आणि लावणे या दोन क्रिया येथे एकाच हातात, एकाच क्षणी असतात. अशा माणसाला ‘केवळ अन्न गोळा करणारा’ म्हणणे आणि शेतकऱ्यापासून तोडून वेगळ्या पायरीवर बसवणे शास्त्रालाही धरून नाही.

संयमाचे आणखी एक रूप विधींमध्ये दिसते. वारल्यांमध्ये पावसाळ्यातील पहिली कोवळी भाजी देवाला दाखविल्याखेरीज खाल्ली जात नाही, आणि नव्या भाताच्या वेळी धान्याची देवता असलेल्या कणसरीचा मान आधी होतो. माडिया आणि गोंड समाजांत अशा सणांना पंडुम म्हणतात. आंब्याचा पंडुम झाल्यावाचून नवा आंबा तोंडात घालायचा नाही, बियाण्याचा पंडुम झाल्यावाचून पेरणीला हात लावायचा नाही. फळ पुरते पिकेपर्यंत, बी धरेपर्यंत थांबण्याची सामूहिक शिस्त यातून राखली जाते, असे प्रतिपादन पर्यावरणाचे अभ्यासक करतात आणि ते पटण्यासारखे आहे. देवरायांविषयी वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकापासून जे संशोधन केले, त्यानेही श्रद्धा आणि संवर्धन यांचा असाच सांधा दाखवून दिला. तथापि विधीचा सारा अर्थ उपयुक्ततेत विरघळवून टाकणे योग्य नव्हे. कणसरीला नैवेद्य दाखविणारी स्त्री संवर्धनाचे धोरण राबवीत नसते. ती एका देवतेचे ऋण मान्य करीत असते, आणि हे ऋण मानणे हाच कदाचित त्या शिस्तीचा टिकाऊ भाग आहे.

रानाला लागून असलेली शेती हा या परंपरेचा दुसरा अर्धा भाग होय. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीला वरकस म्हणतात. तीत पहिल्या वर्षी नाचणी, जिला नाशिककडे नागली म्हणतात, दुसऱ्या वर्षी वरई, त्यानंतर खुरासणी किंवा उडीद घेऊन जमीन काही वर्षे पडीत टाकावयाची, अशी फिरती पिकांची पद्धत होती. कुलाबा-ठाण्याकडे डोंगरात जागा बदलत केल्या जाणाऱ्या शेतीला दळी हे नाव होते आणि रायगडात ‘दळी जमीन’ हा शब्द हक्काच्या वादांमध्ये आजही ऐकू येतो. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, जे तांदळाच्या कितीतरी पट आहे. ती कीड न लागता वर्षानुवर्षे टिकते, पाऊस लांबला तरी तग धरते, आणि तिच्या पिठाची आंबील उन्हात राबणाऱ्या देहाला धरून ठेवते. वरईचे दाणे मात्र कोंड्यातून सोडविणे अतिशय कष्टाचे असते. उखळ-मुसळ आणि जाते यांवर तासन्‌तास राबणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले, तर वरईचा पेरा घटला यात केवळ विस्मरण नाही, सुटकाही आहे, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे होत असताना या श्रमांविषयी जेवढे बोलले जायला हवे होते तेवढे बोलले गेले नाही.

भातासाठी राब भाजण्याची पद्धत तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. रोपे ज्या तुकड्यात वाढवावयाची, त्यावर शेण, ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि वर मातीचा थर अशी रचना करून उन्हाळ्याच्या अखेरीस ती जाळतात; त्यामुळे तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची आखणी झाल्यावर या फांद्या छाटण्यावर बंधने आली आणि ठाणे-कुलाब्यातील शेतकऱ्यांत एवढा असंतोष पसरला, की त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या मुंबई वन आयोगाला १८८७ च्या अहवालात राबाची सविस्तर दखल घ्यावी लागली. वनाधिकाऱ्यांना राब म्हणजे झाडांची नासाडी वाटत होती. शेतकऱ्याला तो भाताचा पाया वाटत होता. राब वैज्ञानिकदृष्ट्या कितपत आवश्यक आहे यावर मतभेद असू शकतात, पण तो प्रश्न ज्यांच्या पोटाचा होता त्यांना अज्ञानी ठरवूनच त्या वादाची सुरुवात झाली, हा अन्याय निर्विवाद आहे.

मोहाच्या बाबतीत हा अन्याय अधिक ठळक होतो. फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल, गोड फुले रात्रीतून पहाटेपर्यंत गळत राहतात आणि उजाडण्याच्या सुमारास ती वेचली जातात. वाळवल्यावर ती मनुकांसारखी होतात. भाजून, वालांसारख्या कडधान्यांबरोबर उकडून, कुटून भाकरीच्या पिठात मिसळून ती खाल्ली जातात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कणगीतले धान्य तळाला गेलेले असताना तीच घराला तारतात. फळांची भाजी होते आणि बियांचे, म्हणजे मोहट्यांचे, तेल निघते. या झाडाकडे सरकारने मात्र प्रामुख्याने दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आणि त्यामागून आलेला १८९२ चा मोहाविषयीचा कायदा यांनी फुले जवळ बाळगणे हाच संशयाचा विषय केला, आणि स्वातंत्र्यानंतर दारूबंदीच्या कायद्यातही हे निर्बंध राहिले. महाराष्ट्रात फुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील बंधने २०२१ मध्ये सैल झाली. सव्वाशेहून अधिक वर्षे एका समाजाच्या कोठारावर पोलिसी नजर होती. याच्या दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न आहे: फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि त्यातून वणवे पसरतात. परंपरेच्या आदरापोटी ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) सारख्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवून, म्हणजे जंगलाच्या वापराचा आणि रक्षणाचा निर्णय ग्रामसभेच्या हाती आणून, अशा प्रश्नांचा विचार स्वतः करण्याची वाट दाखविली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळविणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९ साली मेंढ्याची गणना झाली.

बियाण्यांच्या संदर्भात अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम महाराष्ट्राला परिचित आहे. महादेव कोळी समाजातील, शाळेत न गेलेल्या या शेतकरी स्त्रीने भात, वाल-घेवडे, नाचणी, भाज्या यांची गावठी वाणे जमवून, बायफ या संस्थेच्या साहाय्याने घरीच बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. या कामाचे महत्त्व संग्रहाच्या आकाराहून निराळ्या ठिकाणी आहे. शीतगृहातले बी जिवंत राहते, पण ते बदलत्या पावसाशी जुळवून घेत नाही. राखेत घोळून मडक्यात किंवा कणगीत ठेवलेले आणि दरसाल पेरले जाणारे बी मात्र दरसाल नव्या हवेची परीक्षा देत असते. काळभात आणि रायभोग यांसारखी वाणे डोंगरात टिकली, ती कोणी जपून ठेवली म्हणून जितकी, तितकीच कोणी तरी ती रांधत राहिले म्हणून. पेज कोणत्या भाताची चांगली होते आणि बाळंतिणीला कोणता भात द्यायचा हे जोवर घरात ठरलेले असते, तोवर ते वाण पेरले जाते.

बिगर-आदिवासी मराठी समाजाच्या स्वयंपाकघरातही या परंपरेच्या खुणा आहेत, आणि त्यांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही असा नेम असतो. नांगराखाली न आलेल्या जमिनीतल्या, हाताने लावलेल्या किंवा आपोआप उगवलेल्या भाज्यांची आणि कंदांची एकत्र भाजी त्या दिवशी होते. नांगरपूर्व अन्नाची स्मृती वर्षातून एक दिवस व्रताच्या रूपाने जपणारा समाज, तेच अन्न वर्षभर खाणाऱ्या शेजाऱ्याला मागासलेला म्हणतो, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे. मुंबई-ठाण्यातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत शेवळ्याची भाजी कोलंबी किंवा खिमा घालून मोठ्या हौसेने केली जाते. तिचे कोंब आजही डोंगरातून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या आदिवासी स्त्रियांच्या टोपल्यांतूनच येतात. घरात भाजीचे कौतुक होते, आणणारीचे नाव कोणाला ठाऊक नसते.

अलीकडे ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या, सुमारास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात आणि शहरी ग्राहकाची रुची वाढली आहे. त्यातून काही घरांना चार पैसे मिळतात, हे स्वागतार्हच आहे. परंतु घरापुरते खुडणे आणि टेम्पोभर खुडणे यांत फरक आहे. फोडशीच्याच कुळातल्या एका वनस्पतीला बोरिवलीवरून शास्त्रीय नाव मिळाले आहे. सफेद मुसळी म्हणून तिच्या मुळांना औषधी बाजारात मागणी वाढल्यावर रानातली झाडे मुळासकट उपटली गेली, कारण पान खुडणारा पुढच्या वर्षीसाठी मूळ ठेवतो आणि मूळ विकत घेणारा काहीच ठेवत नाही. कायद्याच्या बाजूने पाहता २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत, आणि वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावरील समाजाचा सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. नोंदवह्यांमागची कल्पना मोलाची आहे. पण त्यांत पुन्हा केवळ नामेच लिहिली गेली आणि क्रियापदे बाहेर राहिली, तर १८८६ च्या यादीत नवी भर पडेल इतकेच. नोंद करणाऱ्याने चुलीजवळ बसावे लागते, आणि ज्या स्त्रीच्या तोंडून ती नोंद होते तिचे नाव, तिची संमती आणि तिचा हक्क त्या नोंदीत असावा लागतो.

मेळघाटात आणि जव्हार-मोखाड्यात १९९० च्या दशकात झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा आदिवासींच्या आहाराची चर्चा मुख्यतः अभावाच्या भाषेत झाली. रेशनवरील तांदूळ आणि गहू, अंगणवाडीतील पूरक आहार, २०१५ पासूनची अमृत आहार योजना या उपायांची गरज वादातीत आहे. उपाशी मुलाला आधी जेवण हवे. मात्र त्या चर्चेत स्थलांतराचा आणि अन्नज्ञानाचा संबंध क्वचितच जोडला गेला. भाताची कापणी झाली की कातकरी आणि अन्य भूमिहीन कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बहुधा लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेली उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब जाते आणि मुलेही बरोबर असतात. वर्षचक्र पाहिले, तर हे नेमके कंदांचे, मोहाचे, चारोळीचे आणि करवंदांचे महिने आहेत. घरी परतल्यावर पहिल्या सरींबरोबर वर आलेला शेवळा मुलाला आईसोबत खुडायला मिळतो, टाकळा आणि कुर्डू ओळखता येतात, वलगणीचे मासे धरता येतात. परंतु वाळलेल्या वेलावरून कडूकंद शोधणे, तो राखेत उकळणे आणि टोपली ओढ्यात ठेवून सकाळी एक काप जिभेला लावून पाहणे हे सारे ज्या दिवसांत शिकायचे, त्या दिवसांत ते मूल रानापासून दूर, भट्टीवर कच्च्या विटा उलटत असते.